मिशी काढून केलेला खून

बाप हयात असेपर्यंत मुलानं मिशी काढायची नाही, हा आमच्या घोडेगावच्या पंचक्रोशीतला दंडक. मी मात्र पंचविसाव्या वर्षी, वडील धडधाकट दुकानात बसलेले असताना, ती सफाचट केली. राजाचा खून मलाच करता यावा म्हणून.

जत्रेत आम्ही हौशी मंडळी नाटक करायचो. त्या वर्षी शाळेच्या मास्तरांनी शोकांतिका लिहिली होती. सेनापती सिंहासनाच्या लोभानं झोपलेल्या राजाला मारतो आणि पुढचे तीन अंक स्वतःच्याच मनाच्या कचाट्यात तडफडतो. सेनापतीची भूमिका मिळाली माझ्या मित्राला. तो शेजारच्या बोरी बुद्रुकचा शेतकरी, आवाज खणखणीत आणि मिशी अशी की तिच्यावर लिंबू ठेवावं. माझ्या वाट्याला राजा आला, म्हणजे दहा वाक्यं आणि मरण.

मला ते सोसेना. मी त्याला गाठून म्हणालो, "मास्तर म्हणतात, सेनापती बिनमिशीचा हवा."

त्यानं मिशीवरून हात फिरवला. "म्हातारा जित्ता हाय माजा. मला न्हाई जमायचं राव. तूच कर सेनापती, मी मरतो."

मास्तर असं काही बोललेच नव्हते. पण थाप जगवायची तर मला न्हाव्यापुढं बसणं भाग होतं. दुकानात आलो तेव्हा वडिलांनी तराजू खाली ठेवला. "मी कधी गेलो रे? मला कुणी कळवलं नाही." त्यानंतर ते माझ्याशी बोलेनासे झाले.

नाटक दुपारी, कनाती लावलेल्या मांडवात. वडील पहिल्याच ओळीत. आमच्यात रीत होती, रंगमंचावर ज्याला मारायचं त्याच्या पाया आधी पडद्याआड पडायचं. मी मित्राची नजर चुकवून ते टाळलं. कोणत्या तोंडानं पडणार?

दुसऱ्या अंकात राजा बाजेवर शाल पांघरून झोपलेला. मी कट्यार उपसली आणि तशीच खाली केली. हे काही तालमीत बसवलेलं नव्हतं. मी सरळ त्याच्या पायांवर डोकं टेकलं आणि कुजबुजलो, "मिशीचं मी खोटं सांगितलं. मला तुझी भूमिका हवी होती."

डोळे न उघडता राजा पुटपुटला, "म्हाईत हाय. दुसऱ्याच दिवशी मास्तरांना इचारलं व्हतं मी."

"मग बोलला का नाहीस?"

"तू खरंच मिशी काढतोस का, बघायचं व्हतं. आता मार लौकर, बाज लई टोचतीय."

मला हसू आणि रडू एकदमच आलं. खांदे गदगदले, तोंडावरचा रंग ओघळला. तशाच अवस्थेत मी त्याला भोसकलं आणि कनातीत टाळ्यांचा पाऊस पडला. मागून "वन्समोअर" सुरू झाला. तो मिळाला की मेलेल्यानंही उठायचं, हा त्या काळचा कायदा. राजा उठला, त्यानं लोकांना मुजरा केला आणि पुन्हा मरायला आडवा झाला.

पण माझं मन आता हलकं झालेलं. रडू आणू कुठून? कोरड्या डोळ्यांनी मी कट्यार उचलली. तेवढ्यात शालीखालून राजाचा हात आला आणि त्यानं माझ्या मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांना धारा लागल्या. टाळ्या आधीपेक्षा दुप्पट.

नाटक संपल्यावर वडील पडद्याआड आले. मित्राच्या मिशीकडे पाहिलं, मग माझ्या ओठाकडे.

"खून चांगला केलास," ते म्हणाले. "आता वाढव ती. पुढच्या वर्षी तू मर, याला मारू दे."

पुढच्या वर्षी मी भरघोस मिशीनिशी असा काही मेलो, की लोकांनी मला तीनदा उठवलं.