दोनची येष्टी अन् बायांची पंगत

“मुक्ताबाईला मी मुकीच समजले होते, बाई!” सिस्टर रेजिना अजून हसत कबूल करतात. मुकी कुठली, तोफ ती!

छावणीच्या मिशनघरात स्त्री-पुरुष समता अन् संस्कृतीवर उन्हाळी अभ्यासवर्ग भरला होता, अन् पिशोरची मुक्ताबाई स्वयंपाकाला. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस. सकाळीच गावाकडून निरोप आला, ‘बौद्धवाड्याला गिरणी बंद, पाणी बंद. आज कायतरी होणार.’ तिची लेक तिथं एकटी, नवरा वाळूजच्या कंपनीत पाळीवर. दोनची येष्टी शेवटची. भाकरी थापता थापता ती सारखी घड्याळ बघत होती, हे सिस्टरांनी पाहिलं.

तेवढ्यात समतेवर बोलून दमलेले फादर, नेहमीसारखे, पुरुषांना घेऊन आधी पंगतीला निघाले. मुक्ताबाई दारात आडवी झाली.

“आज आधी बाया.”

“का हो?”

“शेवटी जेवतो त्यानंच भांडी घासायची, घरोघरची रीत हाय. मला आज टाइम नाय.”

“अहो, ती बायकांची रीत!”

“मंग सकाळपासून आत काय शिकवत होता, फादर?”

सिस्टर फिसकन हसल्या. फादरांनी हातातलं ताट खाली ठेवलं अन् भांडी घासायला बाह्या सारल्या.