मालक नसलेला कॉम्प्युटर

जव्हारला आमच्या शेजारी राहणारे गृहस्थ मोखाड्याच्या कचेरीत कारकून होते. घरच्या कॉम्प्युटरवर त्यांनी विंडोज काढून लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली टाकली आणि त्यांच्या तोंडी स्वातंत्र्याशिवाय दुसरा विषय उरला नाही. "सर, ह्याला मालकच नाय! कुणी पण घ्या, कुणाला पण वाटा." कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर लिनक्सची नवी सीडी आली की रविवारी जुनं सगळं पुसून ते नवं टाकत. त्यावर एखादं काम केलेलं मात्र मी कधी पाहिलं नाही.

शेवटी भारावून मीही एक सीडी मागितली. त्यांनी शांतपणे सीड्यांच्या कपाटाला कुलूप घातलं. "सीडीला चरे पडतात, सर. तुम्ही इथंच येऊन बघत जा."

चहा घेऊन आलेल्या वहिनी हसल्या. "लांबूनच बघा हां, सर. मला धूळ पुसायला पण हात लावू देत नाय."