मेहुण्यांचा शेवटचा रोल

कॅमेरा दुरुस्तीच्या दुकानात त्याला सगळे 'कानवाले' म्हणायचे. कुठूनही पार्सल आलं की कॅमेरा आधी कानाशी धरून हलवायचा; आत एखादा स्क्रू सुटला असेल तर त्याला तो ऐकू यायचाच. माणसांचं ऐकण्याच्या बाबतीत मात्र सगळा आनंदीआनंद. "मी कॅमेरा असते तर बरं झालं असतं, निदान कानाशी तरी धरलं असतंत," असं बायको म्हणायची आणि तेही तो "हं, हं" करून सोडून द्यायचा.

धाकट्या बहिणीचा फोन आला तेव्हाही त्याच्या एका कानाला फोन आणि दुसऱ्या कानाला गिऱ्हाइकाचा कॅमेरा होता. मेहुणे नुकतेच गेले होते. ती म्हणाली, "दादा, ह्यांचा कॅमेरा पाठवतेय. शेवटचा रोल आतच आहे, तो तू तुझ्या हाताने काढ. दुसऱ्या कुणाकडे द्यायचा धीर होत नाही."

"पाठव, पाठव. सेल तेवढे काढून ठेव, वाटेत गळतात," तो म्हणाला. हे तो सगळ्यांनाच सांगायचा.

पार्सल आलं. खोक्याचा एक कोपरा चेपलेला पाहून तो चरकला. त्याने तो छोटा कॅमेरा डोळ्यांत तेल घालून तपासायला घेतला. भिंग उजेडात तिरकं धरून पाहिलं, चरा नाही. कानाशी हलवला, आवाज नाही. सेल नसल्यामुळे रोलचा आकडा दाखवणारी खिडकी कोरीच होती. मागच्या झाकणावर चिकटपट्टी होती. वाटेत झाकण उघडू नये म्हणून बहिणीने ती मुद्दाम लावली होती. त्याने ती पार्सलवाल्यांची समजून ओढली आणि त्याच हाताने, बिजागरी बघायला, झाकण उघडलं.

आत रोल होता.

त्याने झाकण लगेच मिटलं, पण उजेडाला तेवढा वेळ पुष्कळ होतो. तिचं फोनवरचं बोलणं आता त्याला शब्द न् शब्द आठवलं. स्वतःचीच इतकी चीड त्याला कधी आली नव्हती. जन्मभर परक्यांचे रोल जपले आणि घरचा तेवढा जाळला.

रोल त्याने स्वतःच धुतला. गुंडाळीत शेवटचे फोटो सगळ्यात वर असतात, त्यामुळे उजेड आधी त्यांनाच गाठतो. सुरुवातीचे बरेच वाचले होते. बहीण भाजी निवडताना, भाची सायकलवर, पुन्हा बहीण, खिडकीत. शेवटचे काही मात्र ठार काळे.

चेपलेल्या कोपऱ्यावर सगळं ढकलून मोकळं व्हावं, असं एकदा मनात येऊन गेलं. पण फोनवर तिचा आवाज ऐकल्यावर ते जमेना.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "तू सांगितलं होतंस, मीच ऐकलं नाही. झाकण उघडलं."

ती म्हणाली, "जाऊ दे रे दादा. मुद्दाम केलंस का? कुठले गेले?"

"शेवटचे."



"ह्यांनी कायम आमचेच काढले," ती म्हणाली. "त्या दिवशी मी म्हटलं, द्या इकडे, आज तुमचा काढते. तेवढा एकच होता."

तिने नाक ओढून आवाज सावरला आणि विचारलं, "आणि कॅमेरा? वाटेत काही झालं नाही ना त्याला?"

"नाही," तो म्हणाला. "वाटेत काही झालं नाही."