दारणेकाठच्या वहिनी

"आम्ही मासे मारायला नाही, भेटायला जातो," वहिनी म्हणायच्या आणि परातीतल्या कणकेत चिमूटभर हळद टाकायच्या. ही कणीक पोळ्यांची नव्हे, गळाला लावायची. घरात अंडंसुद्धा येत नसे, हे लक्षात घ्या.

नाशिकरोडला आमच्या समोरच्या घरात त्या राहायच्या. गळाचा नाद खरा त्यांच्या यजमानांचा. दर रविवारी दारणेवर जायचं, महशीर मासा पकडायचा, डोळे भरून बघायचा आणि पाण्यात सोडून द्यायचा. वहिनी तेव्हा वैतागायच्या. "सोडायचाच तर धरता कशाला?"

मग शहाण्णव साली यजमानांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, वाचाही गेली. माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला. भेटायला आलेल्यांकडे बघतसुद्धा नसे.

एका रविवारी वहिनी दारात उभ्या. हातात माळ्यावरून काढलेली काठी आणि रीळ. "भाऊजी, तुमची व्हॅन काढा. ह्यांना नदीवर न्यायचंय."

"आणि गळ कोण टाकणार?"

"मी."

यजमानांना आम्ही काठावर खुर्चीत बसवलं. वहिनींनी पदर खोचला, काठी फिरवली. पहिला गळ बाभळीत अडकला, दुसरा त्यांच्याच पदरात आणि तिसऱ्याने माझी टोपी उडवून पाण्यात नेली. मागून कसलासा आवाज आला. वळून पाहिलं, तर यजमान हसत होते! वाकड्या तोंडाने, पण पोट धरून. वहिनी मला हळूच म्हणाल्या, "तुमच्या दहा टोप्या गेल्या तरी चालतील आता."

हिवाळाभर आम्ही जात राहिलो. मासा काही लागेना. वहिनींचा हात मात्र बसत गेला.

आणि एका सकाळी रीळ करकरत सुटलं. वहिनी घाबरून दोर ओढू लागल्या. काठी कमानीसारखी वाकली. आता तुटणार, तोच मागून शब्द आला, "ढील!"

आम्ही दोघंही थिजलो.

"ढील... दे... गं!"

वहिनींनी ढील दिली. रडत रडतच दिली. बऱ्याच झटापटीनंतर सोनेरी खवल्यांचा महशीर काठाशी आला. मी यजमानांना धरून पाण्यापाशी नेलं. त्यांनी डावा हात ओला करून माशाच्या पाठीवर ठेवला आणि म्हणाले, "सोड."

त्यानंतर शब्द एकेक करून परत आले. काठी टेकत ते पुढची कितीतरी वर्षं नदीवर आले, वहिनींना हाका मारून चुका दाखवत राहिले. गेले ते झोपेत, शांतपणे.

पुढे त्यांची मुलगी वहिनींना जबलपूरला आपल्या घरी घेऊन गेली. आता समोरच्या गॅलरीत दुसऱ्या कोणाचे कपडे वाळतात. परक्या गावात त्यांचं कसं होणार, ही काळजी मला होतीच. महिन्याभराने त्यांचा फोन आला.

"करमतं का वहिनी?"

"न करमायला काय झालं? अहो, इथे नर्मदा आहे!"