व्हर्ना हॉजचा होकार

अलाबामातल्या एका लहान गावात व्हर्ना हॉजने हयातभर शाळेची बस चालवली. निवृत्त झाल्यावर शहरातल्या कोर्टाचं बोलावणं आलं आणि ती ज्युरीत बसली.

खटला एका टायर कारखान्यावर होता. जनेल कोकर या कामगार बाईला केवळ बाई म्हणून मुकादमपद नाकारलं होतं, आणि तिने तक्रार करताच तिच्या हाती झाडू दिला होता. हे शाबीत झालं, त्यावर कुणाचं दुमत नव्हतं. घोडं अडलं ते दंडापाशी. बाकीच्यांना पन्नास लाख डॉलर हवे होते. व्हर्नाला ते फार वाटत होते; ती लाखाच्या पुढे जायला तयार नव्हती. एकमताशिवाय तर निकाल नव्हता.

"मिस व्हर्ना, तुमच्यापायी आम्ही इथंच म्हातारे होणार," ज्युरीचा प्रमुख ड्वाइट म्हणाला. त्याचं औषधांचं दुकान होतं.

"मी झालेच आहे. तुम्ही या मागून."

"अहो, कारखान्याला टोचायला नको? लाखभर म्हणजे त्यांच्या साहेबांचा कॉफी-डोनटचा खर्च."

"टोचा की. पण साहेब खिशातून देणार आहे का? कामाची एक पाळी बंद करेल, माणसं घरी बसतील. माझ्या बसमधली निम्मी पोरं मोठी होऊन आता असल्याच कारखान्यांत राबतात."

"आणि जनेल कुणाच्या बसमधली?"

कारखानेवाले थोडक्यात सुटले तर पुढच्या बाईलाही ते हेच करतील, एवढं व्हर्नाला कळत होतं. पाळी बंद पडली तर त्यात आपलाही हात असेल, हेही कळत होतं.

"लिहा पन्नास लाख," ती म्हणाली.

पुढे चर्चच्या जेवणात कुणीतरी सांगितलं, न्यायाधीशांनी रक्कम तीन लाखांवर आणली. अशा दाव्यात कायद्याची मर्यादाच तेवढी. व्हर्नाने कोर्टात फोन लावला.

"मग आम्हाला आधी का नाही सांगितलं?"

"ज्युरीला सांगायचं नाही, असं कायद्यातच आहे, बाई," कारकून म्हणाला.

"म्हणजे आम्ही भांडलो ते कशासाठी?"



कारखाना चालू राहिला. एकही पाळी बंद झाली नाही. जनेलला डावलून नेमलेला मुकादमही तोच राहिला.

"तुझ्यापायी कुणाचं काम गेलं नाही, सुटलीस की गं," मैत्रीण म्हणाली.

"हो, बरं वाटलं खरं," व्हर्ना म्हणाली. "पण जनेलसमोर उभं राहून हे मला म्हणता यायचं नाही."