मैलवाल्यांच्या बाई नापास झाल्या

गल्लीत त्यांना सगळे मैलवाले म्हणायचे. निवृत्त झाल्यावर माणसं कुंड्यांना पाणी घालतात, नातवंडं खेळवतात. या गृहस्थांनी जुन्या हमरस्त्याचं खूळ घेतलं. सुट्टीच्या दिवशी गाडी काढायची, नव्या रस्त्याकडे ढुंकूनही बघायचं नाही, आणि मैलाचा दगड दिसला की करकचून ब्रेक. वाटेत दगडी पूल, पडका जकात नाका, घोड्यांचा हौद लागला, तर तेही बघायचं. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोने, म्हणजे बाईंनी, पाण्याचा डबा घेऊन उतरायचं. दगड घासायचा त्यांनी, आकडा वाचायचा त्यांनी. आधी कुरकुरल्या, मग त्यांनाच चटक लागली, पण कबूल करतील तर शपथ.

यंदा डोळ्यांच्या डॉक्टरांनी मैलवाल्यांना गाडी चालवायची साफ मनाई केली. तेव्हापासून ते घुम्यासारखे बसून. जेवणावरची वासनाच गेली. बाईंना ते बघवेना. बहिणीकडे जाते अशी थाप मारून त्यांनी गाडीची शिकवणी लावली. या वयात! शिकवणारा जीव मुठीत धरून बसायचा, पण बाई शिकल्या.

परीक्षेत सगळं सुरळीत चाललं होतं. गाडी जुन्या रस्त्याला लागली, परीक्षक म्हणाले, सरळ चला. बाई निघाल्या, आणि वळणावर गवतात दगडाचं डोकं दिसलं. पाय आपोआप ब्रेकवर. गाडी बाजूला, हँडब्रेक ओढलेला, बाई दार उघडून उतरायच्या बेतात. परीक्षकांचं कपाळ आपटता आपटता वाचलं. नापास.

घरी येऊन त्या ओट्याला टेकून रडल्या. आवाज ऐकून मैलवाले आत आले, तेव्हा थापेसकट सगळं सांगावं लागलं. कितीतरी दिवसांनी ते खो खो हसले. मग एकदम थांबले.

"कुठल्या वळणावर म्हणालीस?"

बाईंनी सांगितलं.

"तिथे दगड नाहीये. मी तो रस्ता पालथा घातलाय."

"आहे हो. गवतात बुडालाय."

"आकडा?"

"उतरू कुठे दिलं मला?"

मैलवाल्यांनी खुर्ची जवळ ओढली.

"पुन्हा परीक्षा दे," ते म्हणाले. "पण त्या दिवशी दगडाकडे बघू नकोस. नंतर आपण दोघं जाऊ."