मेंबर सडला

मी जीपखाली उताणा पडून हातोडीने ठोकत होतो. चौथ्या ठोक्याला हातोडी आरपार गेली आणि ओंजळभर गंज तोंडावर पडला. थुंकत बाहेर आलो तर बायको, भागी, डबा घेऊन उभी.

जीप विठ्ठलशेठची. लढाईनंतर मिलिटरीने मोडीत काढलेली. शेठ तिला ट्रेलर जोडून मिठागरावरचं मीठ ओढायचे. मीठ लोखंडाला वाळवीसारखं खातं. गाडीखाली दोन लांब दांडे असतात, त्यांवर सगळी गाडी बसते. त्यांना मागच्या टोकाला जोडणारा आडवा तुकडा म्हणजे क्रॉस मेंबर. आम्ही नुसतं मेंबर म्हणायचो. ट्रेलरचा हुक त्यालाच. तो तुटला की जीप पनवेलला आणि ट्रेलर पळस्प्याला.

कापायच्या आधी मालकाला विचारावं लागतं. माझे हात काळे, म्हणून म्हटलं, "भागे, जाता जाता शेठच्या घरी सांग. मागचा मेंबर पार सडलाय. वरून रंग बरा दिसतो, आत पोकळ आहे. कापून काढतो, नवा बसवतो. चालेल का?"

भागी उरणकडची. निरोपात पदरचं अक्षर घालायची नाही. गेल्या वैशाखात गेली. जेवणाच्या वेळेला अजून मी रस्त्याकडे बघतो. असो.

शेठ नगरपालिकेचे मेंबर होते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. निवडणूक जवळ आलेली. ओसरीवर पंधरावीस माणसं चहा पीत होती. भागीने अंगणातूनच खणखणीत सांगितलं, "शेठ, आमचे मालक बोलले, मागचा मेंबर पार सडलाय. वरशी रंग बरा हाय, आत कायच नाय. कापून नवा बसवायचा. चालंल का?"

एकाच्या नाकातून चहा आला म्हणतात.

थोड्या वेळात शेठ माझ्या शेडवर. मागे ती सगळी माणसं. फुकटचा तमाशा कोण सोडतो? भागीही परत आलेली.

"कोण सडलाय रे?" शेठ गरजले.

"मेंबर."

"परत बोल!"

"मेंबर सडलाय शेठ. बोट घातलं तर आत जातं."

लोक खो खो हसले. शेठ लालबुंद. "उद्या शेड उचल! एक पत्रा दिसला तर जप्त करीन!"

शेड नगरपालिकेच्या जागेत. माझ्याकडे कागद नाही. शेठच्या शब्दावर उभी होती, शब्दावर उठली असती. आम्ही खाणार काय? तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात शिरलं. समजावून सांगितलं, पण ऐकतो कोण? शेवटी म्हटलं, "शेठ, खाली शिरून बघा. मी खोटा निघालो तर आजच शेड उचलतो."

गोणपाट अंथरलं. शेठ अंगाने भरलेले. दोघांनी खांद्याला धरून आत सारले. खाली ठकठक झालं. मग आवाज आला, "आयला! मेंबर खरंच सडलाय की! काप, काप त्याला!"

बाहेर टाळ्या पडल्या.

शेठ बाहेर आले ते मिशीला गंज आणि पांढऱ्या धोतरावर काळं ऑइल घेऊन. भागी म्हणाली, "शेठ, मी येगलं काय सांगत होते?"

शेठनी मिशीवरचा गंज झटकला. मग पोट धरून हसले. "हिला समोरच्या पार्टीने उभी केली नाय हे माझं नशीब! शेड राहू दे रे. जीप परवा पाहिजे."

सडका भाग गॅसने कापला. चांगलं लोखंड लागेपर्यंत दोन्ही दांडे घासले. पन्हळीसारखं जाड लोखंडी चॅनेल बसवून वेल्डिंग केलं, आणि पाणी साचू नये म्हणून खाली दोन भोकं ठेवली. तो मेंबर जीप भंगारात जाईपर्यंत टिकला. शेठ त्या निवडणुकीत पडले.

शेड राहिली. मी मात्र त्या तुकड्याला पुढे कायम आडवी पट्टी म्हणालो. पट्टी निवडणुकीला उभी राहत नाही.